मृतांची मुंबई : स्मशाने, कबरस्ताने आणि शहराची समाजरचना

मुंबईत मृतांच्या जागा धर्मवार वाटलेल्या आहेत, आणि धर्माच्या आत पुन्हा जमातवार. सुन्नींचे कबरस्तान वेगळे, इस्ना अशरी खोजांचे वेगळे, दाऊदी बोहरांचे वेगळे. ज्यूंमध्ये बेने इस्रायल आणि बगदादी यांनी एकमेकांपासून फटकून जागा घेतल्या. कॅथलिकांच्या सिमेट्री बहुधा चर्चच्या आवारात, पारशांची डुंगरवाडी मलबार हिलवर, चिनी लोकांची दफनभूमी अँटॉप हिलला आणि जपान्यांची वरळीला. इतकी काटेकोर वाटणी लोकलच्या डब्यात नाही, भाजीबाजारात नाही, सरकारी इस्पितळातही नाही. तिचे कारण केवळ धर्मशास्त्रात शोधून भागत नाही. कोणती जमात बंदरावर केव्हा उतरली, तिच्यातल्या कोणत्या शेठियाने जमीन घेऊन दिली, सरकारदरबारी कोणाच्या शब्दाला वजन होते आणि कोणाला शहराच्या कडेला ढकलले गेले, हा सगळा हिशेब या जागांत मांडून ठेवलेला आहे.

मुंबईवर मराठीत भरपूर लिहिले गेले. गिरण्या, चाळी, नाटकगृहे, खाणावळी, सिनेमा, कशाचीच उपेक्षा झाली नाही. स्मशानाकडे मात्र लेखकांनी पाठ फिरवली. विषय अभद्र मानला गेला हे एक कारण, आणि हिंदू दहनानंतर पाहायला काही उरत नाही हे दुसरे. समाधीशिळा नाही, कोरलेला लेख नाही, त्यामुळे अभ्यासाला धरायला वस्तू नाही. तरीही जागा राहते. ती कुठे आहे, कोणाच्या नावाची आहे, तिच्यासाठी कोण भांडले, एवढ्यावरूनही बरेच कळते.

सुरुवात इंग्रजांच्या दफनभूमीपासून करावी लागते, कारण शहरातली पहिली हलवाहलव तिचीच झाली. सतराव्या शतकात मुंबईत आलेला गोरा माणूस दोन पावसाळे काढील तर नशीबवान, असे तेव्हा म्हटले जाई. ताप, हगवण आणि दलदलीची हवा यांनी कंपनीचे नोकर भराभर मरत. बेटाच्या दक्षिण टोकाला मेंढॅम्स पॉइंट नावाच्या जागी त्यांना पुरत. अठराव्या शतकात फ्रेंचांच्या हल्ल्याची धास्ती वाढली आणि तोफांच्या माऱ्यासाठी किल्ल्याभोवतीचे मैदान मोकळे करण्यात आले. त्यात हे थडग्यांचे आवारही गेले. नवी जागा मिळाली ती किल्ल्याच्या बाहेर, बॅक बेच्या किनाऱ्यावर, सोनापूरला. तिथे हिंदूंचे दहन चाले, मुसलमानांचे दफन चाले. त्यांच्या शेजारी आता इंग्रजही आले. त्या काळी सोनापूर म्हणजे गावाबाहेरची वाळू आणि नारळीची वाडी होती.

बड्या अंमलदारांना मात्र सोनापूरच्या वाळूत जावे लागले नाही. १७१८ साली उघडलेल्या सेंट थॉमस चर्चच्या भिंतींवर त्यांची संगमरवरी स्मारके लागली. गव्हर्नर जोनाथन डंकन १८११ साली वारला. त्याच्या स्मारकावर काशी आणि काठेवाडातली बालहत्या बंद केल्याचा उल्लेख आहे. राज्यकर्त्यांना आपण कशासाठी लक्षात राहावे असे वाटत होते, ते अशा दगडांवर वाचायला मिळते. प्रजेला काय वाटत होते हे त्यावर नाही, आणि ते असण्याची अपेक्षाही नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गिरगाव आणि धोबी तलाव भरून गेले. सोनापूर गावाबाहेर राहिले नाही, गावाच्या पोटात आले. रोग हवेतल्या दुर्गंधीतून पसरतो असे तेव्हाचे वैद्यक मानत असे, त्यामुळे चितेचा धूर आणि उथळ कबरी यांवर सरकारची नजर गेली. सोनापूरची स्मशानभूमी शिवडीला हलवावी असा बेत निघाला. त्याला विरोध केला तो जगन्नाथ शंकरशेट यांनी. गिरगावातल्या गरीब माणसाने खांद्यावर प्रेत घेऊन शिवडीपर्यंत चालायचे कसे, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. हिंदूंचे दहन जिथल्या तिथे राहिले. रेल्वे, शिक्षण, नाटकगृह या त्यांच्या कामांच्या यादीत हे काम बहुधा शेवटी येते; शहराच्या रोजच्या जगण्याशी त्याचा संबंध मात्र जास्त जवळचा होता.

शिवडीला गेले ते युरोपीय. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत, १८६५ साली, बागायती संस्थेच्या बागेची जमीन घेऊन तिथे ख्रिस्ती दफनभूमी झाली. बागेतली झाडे आयती मिळाली आणि वळणदार वाटाही. घोडागाडी असलेल्याला अंतराची अडचण नव्हती. थोडक्यात, एकाच दशकात एकाच प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली: गाडीवाल्यांनी शांत, हिरवी, दूरची जागा निवडली आणि पायी चालणाऱ्यांनी जवळची जागा भांडून राखली.

शिवडीच्या या आवारात फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स आहे, ज्याने बोरीबंदरचे स्टेशन आणि समोरची महापालिकेची इमारत उभी केली. जॉर्ज विटेट आहे, गेटवे ऑफ इंडियाचा आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचा वास्तुशिल्पी. आणि त्याच मातीत जोसेफ उर्फ काका बॅप्टिस्टा आहेत: टिळकांचे सहकारी, होमरूल चळवळीतले पुढारी, कामगारांचे वकील आणि मुंबईचे महापौर. साम्राज्याचे देखणे दर्शनी भाग बांधणारे आणि ते साम्राज्य हटवू पाहणारा, सगळेच शेवटी एकाच महापालिकेच्या नोंदवहीत गेले. स्टीव्हन्स आणि विटेट यांच्या इमारतींसमोर रोज लाखो माणसे जातात; त्यांची थडगी शोधत येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

सोनापुरात मागे राहिलेल्या चंदनवाडीचा भूगोलच बदलला. समुद्र आणि स्मशान यांच्या मधून बीबीसीआय रेल्वेचे रूळ गेले, मग १९२० आणि ३० च्या दशकांत भराव घालून मरिन ड्राइव्ह झाला. आज स्मशानापाशी समुद्र नाही, मरिन लाइन्सचे स्टेशन आहे. चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीतून एका बाजूला चंदनवाडी आणि बडा कबरस्तान, दुसऱ्या बाजूला जिमखाने, असे दृश्य क्षणभर दिसते. बहुतेक प्रवासी तेव्हा मोबाइलमध्ये असतात.

पारशांची गोष्ट या सगळ्यांत सर्वाधिक सविस्तर नोंदली गेलेली आहे, कारण ती वारंवार कोर्टात गेली. १६७० च्या दशकात मोदी हिरजी वाच्छा यांनी मलबार हिलवर पहिला दोखमा, म्हणजे गिधाडांसाठी देह ठेवण्याचा बुरूज, बांधला, तेव्हा ती टेकडी म्हणजे रान होते. आज तिच्याभोवती देशातली सर्वांत महाग घरे आहेत आणि मधोमध सुमारे ५० एकरांची झाडी उभी आहे. मोर, माकडे आणि जुनी झाडे टिकली ती मृतांच्या आसऱ्याने. दक्षिण मुंबईत इतकी मोकळी जमीन बिल्डरच्या हाती न लागण्याचे हे एक दुर्मीळ उदाहरण.

पारशी कोण, हा प्रश्न कोर्टाने सोडवला तोही याच टेकडीमुळे. रतनजी दादाभाई टाटा यांनी फ्रेंच बाई सुझान ब्रियेर हिच्याशी लग्न केले. तिने जरथुस्त्री धर्म स्वीकारला. मेल्यावर तिला दोखम्यात जागा मिळेल का, यावरून वाद पेटला आणि १९०८ साली सर दिनशा पेटिट विरुद्ध सर जमशेटजी जीजीभॉय या दाव्यात न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी निकाल दिला. धर्म स्वीकारलेल्या परक्या व्यक्तीला पारशी पंचायतीच्या न्यासांचा लाभ मिळणार नाही, पारशी बापाच्या मुलांना मिळेल. आजही पारशी समाजातल्या विवाहाच्या वादांत हा निकाल काढला जातो. त्यातला वादी सर दिनशा पेटिट याच्या घरी पुढे काय घडले, ते नाटककाराला सुचले असते तर ओढूनताणून आणलेले वाटले असते. त्याची मुलगी रतनबाई हिने महंमद अली जिना यांच्याशी लग्न केले, घर तोडले, आणि २० फेब्रुवारी १९२९ रोजी वारल्यावर माझगावच्या आरामबागेत, खोजांच्या कबरस्तानात तिचे दफन झाले. सुझानचा मुलगा जे. आर. डी. टाटा १९९३ साली वारला आणि पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत गेला.

डुंगरवाडीत देहाची विल्हेवाट गिधाडांवर अवलंबून होती. १९९० च्या दशकात गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे देशभर गिधाडे मेली. हे औषध खाल्लेल्या जनावराचे मांस गिधाडाच्या मूत्रपिंडाला सहन होत नाही. २००६ साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली, पण तोवर आकाश रिकामे झाले होते. त्याच वर्षी दोखम्यांच्या आतली छायाचित्रे बाहेर आली आणि देह लवकर विघटित होत नाहीत हे समाजाला दिसले. सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवले गेले. पावसाळ्यात त्यांचा उपयोग किती, हे मुंबईकराला सांगायला नको. काही कुटुंबे दहनाकडे वळली. दहन झालेल्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या धर्मगुरूंना डुंगरवाडीत मनाई झाली, पुन्हा कोर्ट झाले. २०१५ साली वरळीच्या महापालिका स्मशानभूमीत प्रार्थनागृह उभे राहिले, जिथे पारशी विधी करून देह दाहिनीत देता येतो. २०२२ मध्ये सायरस मिस्त्री आणि २०२४ मध्ये रतन टाटा यांचे दहन वरळीलाच झाले. एका औषधाने गिधाडे मारली आणि त्यातून एका समाजाची सुमारे साडेतीनशे वर्षांची मुंबईतली रीत हलली. सामाजिक बदलाची कारणे इतकी आडवळणी असू शकतात.

डुंगरवाडीची आणखी एक बाजू आहे. देह दोखम्यात नेणारे नस्सेसालार आणि खांधिये हे पारशीच, पण त्यांच्या वाट्याला आपल्याच समाजात शिवाशिव आली. सायरस मिस्त्री नावाच्याच कादंबरीकाराने (उद्योगपती मिस्त्री वेगळे) २०१२ साली अशाच एका खांधियावर इंग्रजीत कादंबरी लिहिली. हिंदू स्मशानात चिता रचणारे, भट्टी चालवणारे कामगार बहुतांशी दलित. कबरस्तानातले गोरकनही प्रतिष्ठितांच्या पंगतीत नसतात. मृताला पवित्र म्हणायचे आणि त्याला हात लावणाऱ्याला दूर ठेवायचे, याबाबत मुंबईतल्या धर्मांचे फारसे दुमत दिसत नाही.

वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड या विषयाच्या अभ्यासकाने पायी चालून पाहावा असा आहे. रेसकोर्सकडून वरळी नाक्याकडे जाणाऱ्या या एका रस्त्यावर आणि त्याच्या आसपास हिंदू स्मशानभूमी, ख्रिस्ती सिमेट्री आणि ज्यूंची दफनभूमी आहे. रस्त्याचे नाव ज्यांच्यावरून पडले ते डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर बेने इस्रायल होते आणि १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते. फाटकाच्या आत शिरले की दगडांवर वरची ओळ हिब्रू दिसते आणि खाली देवनागरीत मराठी. नावाचा पहिला भाग बायबलातला आणि आडनाव कोकणातले: पेणकर, किहीमकर, अष्टमकर, नागावकर. कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी काम बंद ठेवणारी म्हणून 'शनवार तेली' म्हणवली गेलेली ही माणसे नोकरीसाठी मुंबईत आली, पलटणीत, गोदीत, रेल्वेत, शाळांत शिरली. दगडांवरची भाषा पिढ्यांबरोबर मराठीकडून इंग्रजीकडे सरकते. १९४८ नंतर इस्रायलकडे ओघ लागला आणि मृतांची निगा राखणारी कुटुंबेच निघून गेली. मराठी बोलणाऱ्या एका समाजाचा शहरातला सर्वांत टिकाऊ लिखित पुरावा आज या दगडांवर आहे, ग्रंथालयांत नाही.

बगदादी ज्यू सोबतीला आले तेव्हा काय झाले, हेही दफनभूमीच सांगते. अफू, कापूस आणि गिरण्यांच्या व्यापारात बडे झालेले हे लोक बेने इस्रायलांना आपल्या बरोबरीचे मानायला तयार नव्हते. सामाईक दफनभूमीत दोघांच्या मध्ये भिंत घालून मिळावी, असा अर्ज त्यांनी १८३६ साली सरकारकडे केला होता. अर्ध्या शतकाच्या आत त्यांना चिंचपोकळीला स्वतःची जागाच झाली. १८७८ सालची ही दफनभूमी इलायस डेव्हिड सॅसून यांनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ दिली. तिथल्या दगडांवर हिब्रू आणि इंग्रजी आहे. धर्म एक, प्रार्थनेची भाषा एक, पण मेल्यावर शेजार नको. पुढे बगदादीही गेले. लंडन, सिडनी, जिथे व्यापार नेईल तिथे.

मुसलमानांच्या बाबतीत 'कबरस्तान' हा एकच शब्द पुरत नाही. माझगाव आणि डोंगरी भागात फिरले तर शिया आणि त्यांच्यातल्या शाखांचा नकाशा थडग्यांवरून काढता येतो. हसनाबादला १८८१ साली वारलेल्या पहिल्या आगाखानांचा मकबरा आहे, ताजमहालाची आठवण यावी असा. भेंडी बाजारात रौदत ताहेरा आहे, जिथे दाऊदी बोहरांचे ५१ वे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन आणि ५२ वे सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या कबरी आहेत आणि आतल्या भिंतींवर संपूर्ण कुराण कोरलेले आहे. इथे थडगे हे समाजाचे केंद्र आहे. त्याच्याभोवती दुकाने, घरे, मुसाफिरखाने वाढले.

सामान्य सुन्नी माणसाच्या वाट्याला असे काही येत नाही. त्याची कबर मातीची, आणि तीही कायमची नाही. जागा इतकी कमी की काही वर्षांनी त्याच खड्ड्यात दुसऱ्याला पुरतात. हे वाईट वाटण्यासारखे नाही. इस्लामच्या रीतीला साधी कबरच मान्य आहे. पण पुनर्वापराचा नियम बड्यांना लागू झाला तेव्हा शहर चमकले. सांताक्रूझच्या जुहू कबरस्तानात मधुबाला, मोहम्मद रफी, साहिर लुधियानवी, नौशाद अशी माणसे होती. मधुबालाच्या कबरीवर आयती कोरलेला संगमरवर होता. २०१० साली नव्या दफनांना जागा करण्यासाठी ही बांधकामे काढण्यात आली. चाहते हळहळले. कबरस्तान चालवणाऱ्यांची बाजू मात्र चुकीची म्हणता येत नाही, कारण त्यांच्या दाराशी रोज कोणी ना कोणी जनाजा घेऊन उभा असतो. दिलीपकुमार यांचे दफन २०२१ साली इथेच झाले.

मरिन लाइन्सच्या बड्या कबरस्तानाने नोव्हेंबर २००८ नंतर जे केले, ते शहराच्या इतिहासात वेगळे नोंदवावे लागेल. त्या महिन्यात शहरावर झालेल्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना आपल्या जमिनीत जागा देणार नाही, असे विश्वस्तांनी जाहीर केले. इतर कबरस्तानांनीही तीच भूमिका घेतली. देह जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात वर्षाहून अधिक काळ पडून होते. जानेवारी २०१० मध्ये सरकारने ते गुप्तपणे पुरले आणि एप्रिलमध्ये तसे सांगितले. दफन नाकारणे हा एखाद्या जमातीचा सर्वांत कठोर निषेध असतो, आणि इथे तो शहराच्या बाजूने वापरला गेला. याच कबरस्तानात २०१५ मध्ये फाशी झालेल्या याकूब मेमनचे दफन झाले, आणि सात वर्षांनी त्याच्या कबरीभोवतीच्या दिव्यांवरून आणि संगमरवरावरून राजकीय वादळ उठले. मेलेल्या माणसाच्या भोवती किती उजेड असावा, हा प्रश्नही राजकारणाचा होऊ शकतो.

हिंदू दहनभूमीकडे वळताना एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आजही जातवार स्मशाने आहेत आणि त्यावरून हाणामाऱ्या होतात. मुंबईत महापालिकेच्या स्मशानभूमीत अशी पाटी नाही. वर्गाची पाटीही नसते, पण ती वाचता येते. बाणगंगेच्या काठच्या स्मशानात कोणाचे अंत्यसंस्कार होतात आणि देवनारला कोणाचे, हे पिनकोडवरून सांगता यावे. बाणगंगेपाशीच दशनामी गोसाव्यांच्या समाध्या आहेत. गोसावी, लिंगायत आणि लहान मुले यांना हिंदूंतही पुरण्याची रीत आहे. दहन म्हणजे हिंदू आणि दफन म्हणजे परधर्मीय असे सरसकट समीकरण त्यामुळे टिकत नाही.

दादरची स्मशानभूमी भागोजी बाळोजी कीर यांच्या नावाने आहे. रत्नागिरीचे, भंडारी समाजातले, गरिबीतून बांधकाम कंत्राटदार झालेले कीर यांनीच सावरकरांच्या पुढाकारातून झालेले रत्नागिरीचे पतितपावन मंदिर बांधून दिले, जे १९३१ साली सर्व जातींना खुले झाले. मंदिर आणि स्मशान, माणसाला जातीवरून अडवण्याच्या या दोन जुन्या जागा. दोन्हींवर एकाच माणसाचा पैसा लागला, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. खुद्द सावरकरांचे दहन १९६६ साली, त्यांच्या इच्छेप्रमाणे, चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीत झाले. पुरोगामी मध्यमवर्गाने विद्युतदाहिनी अशी तत्त्वासाठी स्वीकारली. बाकीच्यांनी ती लाकडाचा खर्च आणि वेळ वाचतो म्हणून स्वीकारली, आणि प्रसार दुसऱ्या कारणाने अधिक झाला.

काही मृत्यूंना स्मशान पुरले नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक वारले तेव्हा दहन सोनापुरात न होता गिरगाव चौपाटीवर झाले. गर्दीच एवढी होती की दुसरी जागा नव्हती. आज तिथे पुतळा आहे. २०१२ साली बाळासाहेब ठाकरे यांचे आणि २०२२ साली लता मंगेशकर यांचे दहन शिवाजी पार्कवर झाले, आणि दोन्ही वेळा लगेच स्मारकाचा प्रश्न आला: खेळाचे मैदान की श्रद्धास्थान? मुंबईत मोकळी जागा इतकी थोडी आहे की चितेची जागासुद्धा क्रिकेटच्या खेळपट्टीशी स्पर्धा करते.

या सगळ्यांत चैत्यभूमीची जात वेगळी. ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे दहन दादर चौपाटीवर झाले. त्याच जागी जमलेल्या असंख्य लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पुढे भय्यासाहेब आंबेडकरांनी पुढाकार घेऊन, लोकवर्गणीतून, तिथे स्तूप उभा केला. १९७१ च्या डिसेंबरात त्याचे उद्घाटन मीराताई आंबेडकर यांनी केले. स्तूपाला लागूनच स्मशानभूमी आहे. हिंदू रिवाजात स्मशानातून परतलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय घरात पाय ठेवत नाही, आणि इथे दर ६ डिसेंबरला लाखो लोक तान्ही मुले कडेवर घेऊन, शिदोरी बांधून, विदर्भ-मराठवाड्यातून रेल्वेने येतात, रांगेत तासन् तास उभे राहतात आणि परत जाताना शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवरून पुस्तके घेतात. विटाळाची कल्पना नाकारणाऱ्या समाजाने स्मशानाच्या भिंतीला खेटून तीर्थ केले. दादरच्या जुन्या रहिवाशांपैकी अनेकांनी या दिवशी दारे-खिडक्या बंद करून गावाबाहेर जाणे पसंत केले, हीसुद्धा शहराच्या समाजजीवनाचीच नोंद आहे.

स्मशानाच्या दारातली खिडकी हा या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. मुंबईत मृत्यूची पहिली सरकारी नोंद अनेकदा तिथेच होते. कारकून डॉक्टरचा दाखला मागतो, मृताचे आधार कार्ड पाहतो, मृत्यूचे कारण, वय, पत्ता वहीत उतरवतो आणि पावती देतो. ती पावती घेऊन वॉर्ड ऑफिसात गेल्यावर मृत्यूचा दाखला मिळतो, आणि त्याच्याशिवाय बँकेचे खाते, विमा, खोलीचे हस्तांतर यांतले काहीही हलत नाही. बाहेर फुटपाथवर दुकान असते: बांबू, कामट्या, सुंभ, पांढरे कापड, मडके, गुलाल, तुळशीची माळ. दुकानदार पहिला प्रश्न जातीचा विचारतो, कारण सामान रीतीप्रमाणे बदलते. खिडकीवर जात विचारत नाहीत, दुकानात विचारतात. नागरिक आणि नातेवाईक यांच्यातले अंतर तेवढेच, दहा-वीस पावलांचे.

ही नोंद किती महत्त्वाची, ते १८९६ च्या प्लेगने दाखवले. डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी मांडवीत साथ ओळखली. पुढे तपासणी, विलगीकरण आणि घरझडतीच्या भीतीने लोक आजारी माणूस लपवू लागले, मृत्यूची कारणे भलतीच सांगू लागले. तेव्हा साथीचा खरा अंदाज स्मशाने आणि कबरस्ताने यांतल्या आकड्यांवरूनच घ्यावा लागला. २०२० मध्ये वेगळ्या रूपात तेच झाले. ३० मार्चला महापालिकेने कोविडने मेलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहन करण्याचे परिपत्रक काढले आणि काही तासांत ते बदलले. वांद्र्यातल्या काही रहिवाशांनी जवळच्या कबरस्तानांत कोविडग्रस्तांचे दफन होऊ नये म्हणून उच्च न्यायालय गाठले. मे महिन्यात न्यायालयाने मागणी फेटाळली आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. त्याआधी, एप्रिलच्या शेवटी, लागोपाठच्या दोन दिवशी इरफान खान वर्सोव्याच्या कबरस्तानात आणि ऋषी कपूर चंदनवाडीत गेले, दोघेही मोजक्या वीसेक माणसांच्या साक्षीने. एरवी त्यांच्यासाठी रस्ते बंद करावे लागले असते.

ज्यांना कोणीच नसते त्यांचा प्रश्न साथीवाचूनही रोजचा आहे. कोविडची दोन वर्षे वगळता मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांतल्या अनेकांची ओळख पटत नाही. नातेवाईक आले नाहीत तर पोलीस अंगावरच्या खुणा, गोंदण, ताईत, मंगळसूत्र यांवरून धर्माचा अंदाज बांधतात आणि त्याप्रमाणे देह दहनाला किंवा दफनाला देतात. शहरात आयुष्यभर बेनाव राहिलेल्याला धर्म मात्र शेवटी लावावाच लागतो, कारण धर्माविना देह ठेवायला मुंबईत जागाच आखलेली नाही.

जागेचा प्रश्न आता उपनगरांत आहे. १८८८ च्या महापालिका कायद्याने मृतांच्या जागा नोंदवणे, नव्या देणे, भरलेल्या बंद करणे ही जबाबदारी महापालिकेवर टाकली. शहर उत्तरेला आणि पूर्वेला वाढले, तेव्हा इमारतींच्या आराखड्यात शाळा आणि बागा रंगवल्या गेल्या. कबरस्तानाचे आरक्षण कागदावर राहिले किंवा पडलेच नाही. ख्रिस्ती सिमेट्रींत काही वर्षांनी हाडे काढून भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवण्याची पद्धत रुळली. गोवंडीच्या मुसलमान वस्तीला ते शक्य नव्हते. देवनारचे कबरस्तान भरले, आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला महापालिकेला तिच्या कर्तव्याची आठवण करून द्यावी लागली. चर्चेत आलेल्या पर्यायी जागांपैकी एक रफिक नगरला, जुन्या कचराभूमीला लागून होती आणि दुसरी आणिकला, तेलशुद्धीकरण कारखान्याजवळ. १८६५ साली युरोपीयांना बाग मिळाली होती, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.

या विषयाची साधने ग्रंथालयात फार थोडी आहेत. चर्च आणि जमातींच्या दफनवह्या, महापालिकेच्या नोंदी, न्यासांचे दस्तऐवज आणि कोर्टाचे निकाल हे कागद शोधून वाचता येतात. दगडांचे तसे नाही. खारी हवा आणि मुंबईचा पाऊस अक्षरे खातात, आणि कबरींच्या पुनर्वापरात दगड काढून टाकले जातात. बेने इस्रायलांची मराठी, इराण्यांची फारसी, ईस्ट इंडियन ख्रिस्त्यांच्या नावांमधली पोर्तुगीज वळणे, हे सगळे त्या दगडांवरच आहे. ज्यांच्या कुटुंबातले कोणी मुंबईच्या मातीत आहे, त्यांनी त्या दगडावरचा मजकूर, तारीख आणि लिपी जशीच्या तशी उतरवून ठेवावी आणि सोबत छायाचित्रही काढावे; पुढच्या दफनानंतर ती अक्षरे तिथे नसतील.